नऊ नंबरची बाटली

सकाळी लॅब उघडली आणि आठवड्यात पहिल्यांदा मला वास आला. सर्दीनं नाक इतके दिवस बंद होतं. चहा काय आणि अमोनिया काय, मला सगळं सारखंच. त्या सकाळी मात्र नाक मोकळं होतं. परीक्षेच्या बाटल्या रिकाम्या करून धुवायच्या होत्या. तीस बाटल्या, प्रत्येकीवर नुसता नंबर. आठ धुऊन झाल्या. नववीचं बूच काढलं आणि कापरासारखा वास आला. मी बाटली मोरीत उपडी केली तर काही पडलंच नाही. उजेडाकडे धरली. तळाशी पांढरे, लांबट खडे धरले होते. परीक्षेच्या दिवशी अंगाची काहिली होत होती आणि नंतर दोन दिवसांत हवा पालटून लॅब गार पडली होती, म्हणून हे दिसलं. नाहीतर मी ते तसंच ओतून मोकळा झालो असतो. नऊ नंबरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असायला हवं होतं. सुई टोचण्याआधी दंडावर बोळा फिरवतात, त्याचा वास. ते असल्या गारव्याला भीक घालत नाही. कापराचा वास आणि जरा थंडी पडली की खडे, हे लक्षण टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलचं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि आधी दाराकडे पाहिलं. अजून कोणी आलं नव्हतं. मग मला माझाच राग आला, की मी दाराकडे का पाहिलं.

सव्वीस वर्षं मी या कॉलेजात रसायनं सांभाळतो. मुलं पाठीमागे मला बाटलीकाका म्हणतात, ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. परीक्षेला कोणकोणते पदार्थ द्यायचे ते मॅडम ठरवतात, बाटल्या मी भरतो, आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी मी करतो. एक प्रत पाकिटात बंद करून मॅडमकडे. दुसरी माझ्या खिशातल्या वहीत. ती नसायला हवी, पण असते. मुलांनी बाटलीतला द्रव तपासायचा आणि नाव ओळखायचं. माझा एक नियम आहे: लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, वास घ्यायचा. लेबलं माणसं लावतात. ईथरच्या बाटलीवर मी ती उघडल्याची तारीख स्वतःच्या हातानं लिहितो, कारण नुसतं पडून राहिलेलं ईथर हवेनं आतल्या आत बिघडतं, आणि एखाद्या दिवशी बूच फिरवताना हातात फुटतं. बायको म्हणते, तुमच्यावरही एक तारीख घालायला हवी. गेल्या वर्षी नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी सगळी जुनी लेबलं काढायला लावली. आयसोप्रोपिल म्हणायचं नाही, टर्शरी ब्युटाइल म्हणायचं नाही. एकाचं नाव २-प्रोपॅनॉल आणि दुसऱ्याचं २-मिथिल-२-प्रोपॅनॉल. कार्बनची साखळी मोजायची, त्यावर काय लटकलंय ते आधी सांगायचं, की नावावरून अख्खा पदार्थ डोळ्यांपुढे उभा. मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला ते जास्त लागलं. लेबल लांबलचक होऊन बाटलीच्या पोटाभोवती वळलं. भरण्याच्या दिवशी दोन्ही मोठ्या बाटल्या फडताळात शेजारी होत्या, तपकिरी काचेच्या. पुढच्या बाजूला दिसत होतं तेवढं मी वाचलं असणार, नावाचा शेवट, २-प्रोपॅनॉल, जो दोन्हींचा एकच. वळवून पाहिलं नाही. आणि वास घ्यायला नाक कुठं होतं?

हे आत्ता मी सरळ सांगतोय, पण त्या सकाळी मला सरळ काही सुचत नव्हतं. पहिल्यांदा मनात आला तो शिपाई. फडताळाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते, आणि मागच्या महिन्यात मी त्याला स्पिरिटवरून बोललो होतो. त्यानं बाटल्यांची अदलाबदल केली असेल. मग मॅडम. इतक्या आग्रहानं लेबलं का बदलायला लावली? म्हातारा चुकावा आणि त्याला घरी बसवता यावा म्हणून? मी दोन्ही मोठ्या बाटल्या उघडून हुंगल्या. लेबलं बरोबर होती, आतला द्रव बरोबर होता, कोणी काही बदललं नव्हतं. शंकेची पाल मात्र चुकचुकत राहिली. चूक माझी असेल तर ती कोणाला कळली असेल? बाहेरून आलेले परीक्षक? ते तर चहाच्या कपावर बशी झाकावी तसा पेपरावर हात झाकून, यादीकडे बघून भराभर लाल खुणा करत होते. त्यांनी एकही बाटली हुंगली नाही. हुंगायला हवी होती. मी परीक्षकांवर रागावलो, आणि रागावल्यावर मला जरा बरं वाटलं.

पेपरांचा गठ्ठा मॅडमच्या कपाटात होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सील होऊन जाणार होता आणि तो बांधायचं काम माझंच. मी कपाट उघडलं. नऊ नंबर दोघांना गेला होता, एक सकाळच्या तुकडीत, एक दुपारच्या. आधी दुपारचा पेपर निघाला. लिहिलं होतं: ल्यूकास द्रावण टाकताच नळी गढूळ, दोन सेकंद. आयोडोफॉर्म चाचणीत पिवळा साका नाही. क्रोमिक आम्लाचा नारिंगी रंग तसाच, हिरवा होत नाही. म्हणून टर्शरी अल्कोहोल, २-मिथिल-२-प्रोपॅनॉल. सगळं बरोबर, अक्षर न् अक्षर; टर्शरी असंच वागतं, आयसोप्रोपिल गढूळ व्हायला पाच मिनिटं घेतं. त्यावर परीक्षकांनी लाल काट मारली होती आणि बाजूला शून्य. पेपर कोणाचा, ते मला दोन सेकंद या शब्दांवरूनच कळलं. या मुलीच्या मनगटावर एक मोठं पुरुषी घड्याळ असतं, आणि ती प्रत्येक गोष्ट त्यावर मोजते. मी तिला घड्याळवाली म्हणतो. वर्षाच्या सुरुवातीला तिनं माझं ल्यूकास द्रावण परत आणून दिलं होतं, काका, हे जुनं झालंय, काम करत नाही. सगळ्यांसमोर. ते खरंच जुनं झालं होतं, आणि तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहत होतो. परीक्षेच्या दिवशी सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "काका, नऊ नंबरमध्ये नक्की काय होतं हो?" मी म्हणालो होतो, "परीक्षा झाली ना? आता घरी जा." ती म्हणाली, "परीक्षक यादीकडे बघून हसले, म्हणून विचारलं." मी बंद नाकानं शिंकलो आणि मान फिरवली. या विषयात नापास झाली तर तिचं वर्ष जाणार होतं, आणि एका औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम तिला कबूल झालं होतं ते निकालावर अवलंबून होतं, हे मला तिच्याच मैत्रिणींच्या गप्पांतून ऐकू आलं होतं.

सकाळच्या पेपराचं पान मी बराच वेळ उलटलं नाही. खरं तर मला त्यातलं काय ते आधीच कळलं होतं, कारण वरच लाल बरोबरची खूण होती आणि पूर्ण मार्क. यादीप्रमाणे बरोबर, म्हणजे बाटलीप्रमाणे चूक. लिहिलं होतं: ल्यूकास द्रावण टाकल्यावर पाच मिनिटांनी गढूळपणा. आयोडोफॉर्म चाचणीत पिवळा साका. क्रोमिक आम्ल हिरवं. म्हणून सेकंडरी अल्कोहोल, २-प्रोपॅनॉल. त्या बाटलीतल्या द्रवाला पाच मिनिटं लागणं शक्यच नव्हतं. पिवळा साका कधी पडलाच नव्हता. ज्याला उत्तर आधी माहीत आहे त्यानं उत्तराच्या मागून निरीक्षणं रचली होती, पुस्तकातली, स्वच्छ. यादी फुटली होती, आणि फुटली हे माझ्या चुकीशिवाय जगात कोणाला कळलं नसतं. मी पेपर पालथा ठेवला. शिपाई, म्हणालो. किल्ली. पाकीट. मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं असेल आणि कोणीतरी. पेपर पालथा होता तरी मला त्यातला सातचा आकडा दिसत होता, मधोमध आडवी रेघ मारलेला. तशी रेघ मारायला मीच शिकवलं होतं, म्हणजे सात आणि एक यांत गफलत होत नाही. बाटल्यांच्या धंद्यात असली काळजी घ्यावी लागते, असं मी सहा वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं.

माझी मुलगी याच वर्गात आहे. मी मॅडमना आधी सांगितलं होतं, या वर्षी बाटल्या दुसऱ्या कोणाला भरू द्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?" मला ते ऐकून बरं वाटलं होतं, लाडू नाही पण शाबासकी मिळालेल्या मुलासारखं. मुलगी बारा वर्षांची असताना एका सुटीच्या दिवशी मी तिला इथंच आणलं होतं. दोन नळ्या घेतल्या, एकीत ब्युटाइल अल्कोहोल, दुसरीत ईथर. फळ्यावर सूत्र लिहून दाखवलं: चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. दोन्हींचं अगदी तेच. "मग एकच आहेत की," ती म्हणाली. मी दोन्हींत सोडियमचा बारीक तुकडा टाकला. अल्कोहोलमध्ये बुडबुडे सुटले, ईथर ढिम्म. ती टेबलावर हनुवटी टेकून बघत राहिली. मी म्हणालो, कागदावर सारखे दिसतात, नळीत टाकल्याशिवाय कळत नाही; म्हणून आधी बघायचं, मग लिहायचं. ती ते वाक्य घरी जाईपर्यंत म्हणत होती, पायऱ्या उतरताना, रस्ता ओलांडताना. आता तिनं न बघता लिहिलं होतं. आणि यादी कुठून मिळाली हे मला त्या कपाटाजवळ उभ्या उभ्या आठवलं. बाटल्या भरल्या त्या संध्याकाळी मी घरी टॉवेलखाली वाफ घेत बसलो होतो. शर्ट काढून खुर्चीवर टाकला होता, खिशात वही. टॉवेलच्या आत गरम अंधार, पाण्याचा आवाज, आणि बाहेर खुर्ची सरकल्याचा. मी विचारलं होतं, "कोण?" कोणी उत्तर दिलं नव्हतं.

दिवसभर मी उरलेल्या बाटल्या धूत राहिलो. घड्याळवाली दोनदा लॅबच्या दारावरून गेली, आत डोकावली नाही. मला वाटलं, हिला कळलंय. ही मला ताडतेय. मग वाटलं, हिला काहीही कळलेलं नाही, बिचारी नुसती जातेय. चूक कबूल केली तर तिचं वर्ष वाचतं, पण त्याच क्षणी सकाळचा पेपर खोटा पडतो. ज्या बाटलीतून ते निघूच शकत नाही ते माझ्या मुलीनं लिहिलंय, हे मॅडमना सांगायची गरजही पडणार नाही. कॉपी धरली की परीक्षेतून नाव कायमचं काढतात. गप्प बसलो तर माझी मुलगी पास, ती मुलगी नापास, आणि मी माझ्या सव्वीस वर्षांसकट सुरक्षित. मी नऊ नंबरच्या बाटलीला बूच लावून ती खिशात टाकली. चार वाजता मला युक्ती सुचली, आणि इतकी सोपी सुचली की मी स्वतःवरच खूश झालो. बाटली दोन तुकड्यांच्या मध्ये मी परत भरली, असं सांगायचं. सकाळी आयसोप्रोपिल होतं, दुपारी भरताना चुकलो. मग दोघींची उत्तरं बरोबर. दोषी फक्त मी, सर्दीनं बेजार झालेला म्हातारा. कोणाचं नुकसान नाही. हे खोटं आहे असं मनात आलं, आणि मी मनाला म्हणालो, तू गप्प बस.

घरी बायको मटार सोलत बसली होती. मी बूट काढता काढता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी मी वाफ घेत होतो तेव्हा माझ्या खिशातली वही कोणी काढली?"

"मी. शर्ट भिजत घालायचा होता. दर वेळी तुमच्या खिशातल्या चिठ्ठ्यांचा लगदा होतो आणि मग मीच बसते खरवडत." तिनं मान वर केली. "फ्रिजवर ठेवली होती. का? हरवली?"

"फ्रिजवर. आणि मग?"

"मग काय? अहो, चोराला विचारतात तसं काय विचारताय?"

खरंच तसंच विचारत होतो. तिच्या आवाजात मला काही लपवल्याचा सूर ऐकू आला, आणि लगेच कळलं की तो सूर माझ्या कानातला आहे. मुलगी आतून आली आणि मटाराचा एक दाणा उचलून तोंडात टाकला. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "नऊ नंबरला ल्यूकास कसं आलं होतं?" तिचं चावणं थांबलं. मी वाट पाहिली. पाच मिनिटांनी, असं ती म्हणेल, आणि मग मी पेपर, सात, खुर्ची, सगळं एकेक करून तिच्यापुढे मांडेन. दिवसभर मी ते मनात लावून ठेवलं होतं.

"लगेच," ती म्हणाली.

"काय लगेच?"

"लगेच गढूळ झालं होतं. टाकल्या टाकल्या, दुधासारखं. मी परत केलं, परत तसंच. पिवळा साकाही नाही आला." ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मी वहीत बघितलं होतं, बाबा. फ्रिजवर होती. सगळं नाही बघितलं... नाही, सगळंच बघितलं. पाठ केलं."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग डोळ्यांपुढे नळी गढूळ झालेली दिसतेय आणि तू पाच मिनिटं लिहितेस?"

"मला वाटलं माझाच हात चुकला. नळी ओली असेल, द्रावण जास्त पडलं असेल. तुमची यादी चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही. तुमचं कधी चुकत नाही ना."

मी काय काय ऐकायला तयार होतो, हे सोडून. तिनं चोरी केली होती, आणि त्या चोरीच्या तळाशी माझ्यावरचा एवढा विश्वास होता की त्यापुढे तिनं स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. मला इतकी शरम वाटली की मी रागावूही शकलो नाही. मी घाईघाईनं तिला युक्ती सांगितली. उद्या मी मॅडमना असं असं सांगतो, तू ताकास तूर लागू द्यायची नाही. तिनं ऐकून घेतलं. "तिला मार्क मिळतील?" "मिळतील." "आणि माझे?" "तुझे राहतील." ती आत गेली. बायको म्हणाली, "तिला हे सांगायला नको होतं." मी म्हणालो, "मग काय करू?" ती पुन्हा सोलायला लागली, आणि मला वाटलं, मुलगी आत सुटकेचा निःश्वास टाकत असणार. इतक्या लवकर ती गप्प बसली, याचाही मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा तिच्या खोलीचं दार बंद होतं. जागी असून झोपेचं सोंग घेतलंय, असं वाटलं. बाटली खिशात घातली. कॉलेजात पोचेपर्यंत अंगाच्या उबेनं खडे वितळून गेले होते आणि आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव हलत होता, कोणताही असू शकेल असा. मला वाटलं, ओतून द्यावं. मॅडमच्या खोलीत गेलो. बसायला त्यांच्यासमोर एक खुर्ची होती. मी उभाच राहिलो. म्हणालो, "माझ्या हातून चूक झालीय." मग बोलण्यापेक्षा करून दाखवणं सोपं गेलं. नळी, दोन थेंब, ल्यूकास द्रावण. नळी तिथल्या तिथं पांढरी झाली. मॅडमनी नळी उजेडात धरली, वास घेतला, गठ्ठ्यातून दुपारचा पेपर ओढून काढला आणि लाल काटेवर बोट ठेवलं. "म्हणजे या मुलीचं बरोबर होतं. अक्षरशः सगळं बरोबर होतं."

"हो."

त्यांनी सकाळचा पेपर काढला. वाचला. पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं. "सकाळीही हीच बाटली होती?"

मी रात्रभर घोटलेलं वाक्य जिभेवर होतं. "नाही, सकाळी... मधल्या सुट्टीत मी..."

"सकाळीही हेच होतं, मॅडम."

ती दारात उभी होती. धावत आल्यासारखी, केस नीट न बांधलेले. कधीपासून उभी होती कोण जाणे. "लगेच गढूळ झालं होतं. मी बघितलं आणि दुसरंच लिहिलं. यादी मी आधी पाहिली होती, घरी. बाबांना माहीत नव्हतं."

मला लाज वाटत होती आणि तरी ऊर भरून येत होता, दोन्ही एकदमच. सव्वीस वर्षं मी सगळ्यांवर नजर ठेवली, आणि माझी मुलगी आज येईल एवढंच माझ्या मनात आलं नव्हतं. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं; ते तसंच सोडून दिलं. म्हणालो, "वही माझ्या खिशात होती, मॅडम. ती असायला नको होती."

मॅडमनी दोन्ही पेपर शेजारीशेजारी ठेवले, सीलची मेणबत्ती बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. दोघंही बसा. हे लिहून घ्यावं लागेल."

खुर्ची एकच होती. मुलीनं ती धरून माझ्याकडे सरकवली. फरशीवर तिचा आवाज झाला.

"बाबा, तुम्ही बसा," ती म्हणाली.